रव्याच्या दाण्याआडचं आकाश

एप्रिल-मे महिन्यात रात्री साडेनऊ-दहाच्या सुमारास गच्चीवर जाऊन उत्तरेकडे तोंड केलं, की सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. त्यांचा चौकोन आणि शेपूट जिथे जुळतात तिथला मंद तारा म्हणजे अत्री, त्याच्या पुढचा ठळक तो अंगिरस. आता हात लांब करा आणि या दोघांपासून ध्रुवाच्या दिशेने तीन बोटं सरका. तिथे काही नाही. शहरातून नाही, गावातून नाही, अमावास्येच्या रात्री सह्याद्रीतल्या एखाद्या गडाच्या माचीवरूनही नाही. नुसता काळोख.

त्याच लांब केलेल्या हाताच्या बोटावर रव्याचा एक दाणा आहे असं समजा. तो आकाशाचा जेवढा तुकडा झाकेल, जवळपास तेवढ्याच तुकड्यावर हबल दुर्बीण १८ ते २८ डिसेंबर १९९५ असे दहा दिवस नजर रोखून होती. चंद्राच्या रुंदीच्या साधारण बाराव्या हिश्श्याएवढी ती जागा. अख्ख्या आकाशाचे दोन कोटी चाळीस लाख तुकडे केले तर त्यातला एक.

जागा रिकामी होती म्हणूनच निवडली होती, हे मला आजही विलक्षण वाटतं. आपल्या आकाशगंगेचा पट्टा दूर हवा, मध्ये धूळ नको, तेजस्वी तारा नको, जवळचा दीर्घिकांचा समूह नको. शिवाय हबल पृथ्वीभोवती फिरते, त्यामुळे दर फेरीत पृथ्वीच आड येते. ती आड येणार नाही असा टापूही हवा. या सगळ्या अटींतून गाळून अत्रीजवळचा हा कोपरा उरला.

निर्णय घेणारा माणूस होता रॉबर्ट विल्यम्स, हबलचं काम चालवणाऱ्या संस्थेचा तेव्हाचा संचालक. दुर्बिणीचा काही वेळ संचालकाच्या अखत्यारीत असतो. तो सहसा अनेकांना थोडाथोडा वाटला जातो. विल्यम्सनी एका वर्षी त्यातला फार मोठा वाटा, दुर्बिणीच्या सुमारे दीडशे प्रदक्षिणा, या एकाच काळ्या तुकड्यावर लावला. तेव्हाची परिस्थिती ध्यानात घ्यायला हवी. हबल १९९० मध्ये आरशाचा दोष घेऊन वर गेली होती, जगभर तिची चेष्टा झाली होती आणि दुरुस्ती होऊन अवघी दोन वर्षं झाली होती. त्यात जॉन बाकॉल यांच्यासारख्या मान्यवर खगोलशास्त्रज्ञाचा सल्ला विरोधात होता. बाकॉल आणि सहकाऱ्यांनी १९९० सालीच हिशोब मांडला होता, की अशा दीर्घ छायाचित्रातून जमिनीवरच्या दुर्बिणींना न दिसलेल्या नव्या दीर्घिका फारशा हाती लागणार नाहीत.

तो हिशोब अडाणी नव्हता. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे फार दूरच्या दीर्घिकेचं तेज नुसतं कमी होत नाही, तिचा पृष्ठभागच झपाट्याने फिका पडत जातो, रंग फार पाणी घालून पातळ करावा तसा. पूर्वीच्या दीर्घिका आजच्याइतक्याच ऐसपैस असत्या, तर त्या काळोखात विरघळूनच गेल्या असत्या.

दहा दिवसांत ३४२ छायाचित्रं घेतली गेली, प्रत्येक साधारण पंधरा ते चाळीस मिनिटांचं. एकच लांबलचक छायाचित्र का नाही घेतलं? अवकाशात किरणांचा मारा सतत चालू असतो. दर छायाचित्रात ठिकठिकाणी पांढरे ओरखडे उमटतात. एका छायाचित्रात ओरखडा इथे, दुसऱ्यात तिथे. पण जे खरोखर आकाशात आहे ते प्रत्येक वेळी त्याच जागी. शेकडो छायाचित्रं एकावर एक ठेवली की ओरखडे गळून पडतात आणि खरं तेवढं उरतं. दर वेळी दुर्बीण किंचित हलवलीही जायची, म्हणजे कॅमेऱ्यातला एखादा बिघडलेला ठिपका कायम एकाच जागेवर डाग पाडणार नाही. हे सरकलेले तुकडे जुळवून मूळ छायाचित्रांपेक्षाही बारीक तपशील काढण्याची एक पद्धत याच कामासाठी घडवली गेली. तिचं नाव ‘ड्रिझल’, म्हणजे रिमझिम. ठिपक्यातला प्रकाश थेंब-थेंब करून बारीक जाळीवर शिंपडायचा, अशी ती कल्पना.

आणि प्रकाश खरंच थेंबांनीच येत होता. पुढे २००३-०४ मध्ये हबलने अश्मंत तारकासमूहाच्या दिशेला आणखी खोल नजर टाकली. त्या ‘हबल अल्ट्रा डीप फील्ड’ला ४०० प्रदक्षिणा आणि एकूण ११.३ दिवसांचा प्रकाश लागला. त्यातल्या सर्वांत अंधूक दीर्घिकांकडून दुर्बिणीत मिनिटाला एक फोटॉन पडत होता. एका मिनिटात एक. गळक्या नळाखाली वाटी ठेवून रात्रभर बसावं, तसं ते बसणं.

१९९६ च्या जानेवारीत ते पहिलं छायाचित्र, ‘हबल डीप फील्ड’, जगापुढे आलं. रव्याच्या दाण्याआड सुमारे तीन हजार दीर्घिका होत्या. आपल्या आकाशगंगेतले तारे त्या चित्रात अगदी मोजके. बाकी जवळपास प्रत्येक ठिपका, प्रत्येक निळी चिरी, प्रत्येक पिवळसर गोळी म्हणजे कोट्यवधी ताऱ्यांची एक अख्खी दीर्घिका. हिशोब वहीच्या पानावर करता येतो: तीन हजार गुणिले दोन कोटी चाळीस लाख, म्हणजे ७,२०० कोटी. अल्ट्रा डीप फील्डमध्ये दहा हजार दीर्घिका मिळाल्या, आकाशाच्या एक कोटी तीस लाखांतल्या एका भागात. गुणाकार १३,००० कोटींवर गेला, आणि त्यातही अतिअंधूक दीर्घिका धरलेल्या नाहीत. विल्यम्सनी आणखी एक मोठेपणा दाखवला. अशी निरीक्षणं एरवी वर्षभर संशोधकाच्या ताब्यात राहत. ही सगळ्यांसाठी लगेच खुली केली गेली. मग जगभरातल्या मोठ्या दुर्बिणी त्याच कोपऱ्याकडे वळल्या.

पण मोजदाद ही या चित्राची खरी कमाई नव्हे. खरी कमाई आहे काळाची.

प्रकाशाला यायला वेळ लागतो, म्हणून जितकं दूर बघावं तितकं जुनं दिसतं, हे शाळेतच कानावर पडलेलं असतं. तरी त्याचा पुरता अर्थ या चित्रासमोरच अंगावर येतो. त्यात जवळची दीर्घिका आहे आणि तिच्याच शेजारी, चित्रात बोटभर अंतरावर, तिच्याहून शेकडो कोटी वर्षं मागची. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. हा आकडा मनात मावत नाही, म्हणून मी स्वतःसाठी एक सोय करून ठेवली आहे. विश्व म्हणजे नुकतंच सहस्रचंद्रदर्शन झालेली एक आजी, वय ८१. या मापाने आपला सूर्य जन्मला तेव्हा आजी चौपन्न वर्षांची होती. आणि डीप फील्ड म्हणजे तिच्या लहानपणापासून आजवरचे सगळे फोटो एकाच चौकटीत विखरून चिकटवलेले.

मात्र या अल्बमला एक मोठी अडचण आहे. फोटो त्या-त्या वयाचे आहेत, पण प्रत्येक फोटोतलं माणूस वेगळं आहे. कुठल्याही दीर्घिकेला वाढताना आपण पाहू शकत नाही. तिचा एकच क्षण आपल्या वाट्याला येतो. शेकडो अनोळखी माणसांचा एकेक फोटो, कुणी तान्हं, कुणी विशीतलं, कुणी केस पिकलेलं, आणि त्यावरून ‘माणूस कसा वाढतो’ हे लिहायचं. आकाशाचे हे सगळे खोल सर्वेक्षण-प्रकल्प याच एका कामाला जुंपलेले आहेत. त्यात नेटकेपणा लागतो तो दोन ठिकाणी: फोटोची तारीख ठरवताना आणि फोटो पुरेसे आहेत की नाहीत हे बघताना.

तारीख प्रकाशाच्या रंगातच दडलेली असते. प्रवासात विश्व ताणलं जातं, त्याबरोबर प्रकाशाची लहरही ताणली जाते. अतिनील निळ्याकडे, निळी तांबड्याकडे, तांबडी अवरक्ताकडे. ही ताम्रसृती. वर्णपट घेतला की ती नेमकी मोजता येते, पण हजारो अंधूक ठिपक्यांचा वर्णपट घ्यायला आयुष्य पुरणार नाही. म्हणून एक युक्ती करतात. दीर्घिकांतला आणि वाटेतला हायड्रोजन ठराविक मर्यादेपलीकडचा अतिनील प्रकाश गिळून टाकतो, त्यामुळे दीर्घिकेच्या प्रकाशाला एका जागी कडा पडतो, जणू कापून काढल्यासारखा. दीर्घिका जितकी दूर, तितका तो कडा तांबड्या बाजूला सरकलेला. हबलने तो तुकडा चार वेगवेगळ्या फिल्टरमधून टिपला होता. एखादा ठिपका तीन फिल्टरमध्ये दिसतो आणि चौथ्या, अतिनील फिल्टरमध्ये गायब होतो. मग समजायचं, कडा मध्ये आला, दीर्घिका फार दूरची आहे. चार्ल्स स्टायडेल आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत सिद्ध करून दाखवली, आणि नाहीसं होणं हाच पुरावा ठरला.

तारखा लागल्यावर अल्बम बोलायला लागला. आजच्या डौलदार सर्पिल आणि गुळगुळीत लंबगोल दीर्घिका मागे जावं तशा विरळ होत जातात. त्यांच्या जागी लहान, ओबडधोबड, गाठी-गाठींच्या, एकमेकींना धडकणाऱ्या, निळ्याभोर. निळा रंग म्हणजे तरुण, तापलेले तारे. छोट्या जागेत ताऱ्यांची नुसती झुंबड उडालेली, म्हणून त्या बाकॉल यांच्या हिशोबात बसल्या नाहीत. काळोखात विरघळण्याऐवजी चमकत राहिल्या. १९९६ मध्येच पिएरो मदाऊ आणि सहकाऱ्यांनी या छायाचित्रावरून विश्वात कुठल्या काळी किती वेगाने तारे जन्मत होते याचा आलेख मांडला. नंतरच्या कामांनी तो पक्का केला. महास्फोटानंतर सुमारे ३५० कोटी वर्षांनी, म्हणजे आजी विशीत असताना, तारे घडण्याचा जोर सर्वाधिक होता. खगोलशास्त्रज्ञ त्या काळाला विश्वाची दुपार म्हणतात. आज तो वेग त्याच्या दहाव्या हिश्श्यावर आला आहे. सूर्य जन्मला तेव्हाच दुपार कलून गेली होती.

आणखी एक गोष्ट निघाली, ती मला सर्वांत चकित करते. लहान ढिगांतून मोठे ढीग जमत गेले असतील, तर मोठ्या दीर्घिकांमध्ये ताऱ्यांचा जन्म उशिरापर्यंत चालायला हवा, असं वाटेल. दिसतं उलटं. सर्वांत भारदस्त दीर्घिकांनी आपले तारे लवकर घडवले आणि त्या लवकर शांत झाल्या. लहान आजही घडवतच आहेत. भारदस्त दीर्घिकांच्या मध्यावरच्या प्रचंड कृष्णविवरांनी वायू तापवून आणि उधळून लावला असावा, हे त्यावरचं आजचं मुख्य उत्तर.

फोटो पुरेसे आहेत का, हा दुसरा प्रश्न आपल्याकडच्या शेतकऱ्याला चटकन कळेल. एका बोअरला पाणी लागलं म्हणून गावभर पाणी आहे असं होत नाही. डीप फील्ड म्हणजे बोअर: अरुंद आणि खोल. म्हणून १९९८ मध्ये दक्षिण आकाशात दुसरा बोअर मारला गेला, आणि तिथेही तसंच चित्र निघालं. त्याच कारणाने ‘कॉसमॉस’सारख्या सर्वेक्षणांनी खोली थोडी सोडून दोन चौरस अंशांचा रुंद तुकडा घेतला. युरोपच्या युक्लिड दुर्बिणीचा इरादा तर आकाशाचे १४,००० चौरस अंश पाहण्याचा आहे. तिच्या २०२५ मधल्या पहिल्या मोठ्या संचात, एका आठवड्याच्या निरीक्षणांत, २ कोटी ६० लाख दीर्घिका आहेत.

अल्ट्रा डीप फील्डच्या बोअरमध्ये पुण्याचाही दोर उतरला. भारताच्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’वरची अतिनील दुर्बीण अवघी ३८ सेंटिमीटर व्यासाची, हबलच्या आरशाच्या सहाव्या हिश्श्याएवढी. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिने त्याच भागाकडे अठ्ठावीस तासांहून अधिक काळ पाहिलं. पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेतले कनक साहा आणि सहकाऱ्यांनी त्या निरीक्षणांतून ९३० कोटी वर्षांपूर्वीची एक दीर्घिका शोधली. तिच्यातून अतितीव्र अतिनील प्रकाश चक्क बाहेर झिरपत होता. हायड्रोजन जो प्रकाश गिळतो म्हणून आत्ताच सांगितलं, तोच हा. अगदी सुरुवातीच्या दीर्घिकांतून असाच प्रकाश निसटला आणि त्याने विश्वभरातल्या हायड्रोजनचं धुकं फोडलं, असं मानतात. तो निसटतो कसा, याचा हा दुर्मीळ नमुना. २०२० मध्ये हे प्रसिद्ध झालं.

त्या धुक्यापलीकडची पहाट मात्र हबलच्या आवाक्याबाहेर होती. तिथला प्रकाश ताणून ताणून पूर्ण अवरक्तात गेलेला असतो. २५ डिसेंबर २०२१ ला उडालेली जेम्स वेब दुर्बीण त्यासाठीच घडवलेली आहे: साडेसहा मीटरचा, सोन्याचा मुलामा दिलेल्या अठरा तुकड्यांचा आरसा, टेनिस कोर्टाएवढं पाच पदरी छत्र, आणि पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरची जागा. छत्राच्या सावलीत तिचं तापमान उणे २२० अंशांच्याही खाली असतं. गरम वस्तू स्वतःच अवरक्तात उजळते. दुर्बीणच उजळली तर तिला काय दिसणार?

वेबची पहिली छायाचित्रं आली तेव्हा उत्साहाला भरतं आलं होतं, आणि तारखांच्या बाबतीत एक धडाही मिळाला. एका दीर्घिकेची तारीख फिल्टरवरून महास्फोटानंतर २४ कोटी वर्षं अशी लागली होती. २०२३ मध्ये वर्णपट घेतल्यावर कळलं, ती सुमारे १२० कोटी वर्षांची आहे. तिच्यातली धूळ आणि ठराविक रंगांतली प्रखर चमक यांनी चकवलं होतं. दीड वर्षाचं समजलेलं बाळ सात वर्षांचं निघालं! तेव्हापासून वर्णपटाची मोहोर लागल्याशिवाय विक्रम मानत नाहीत. ती लागलेल्यांतही २०२४ मध्ये जाहीर झालेली एक दीर्घिका महास्फोटानंतर ३० कोटी वर्षांच्या आसपासची आहे, आणि नंतर दुसरी एक २८ कोटी वर्षांची. पहिलीत चिलीतल्या आल्मा दुर्बिणीला ऑक्सिजन सापडला. ऑक्सिजन महास्फोटात तयार झाला नाही. तो ताऱ्यांच्या पोटात घडतो आणि तारा फुटल्यावर बाहेर पडतो. म्हणजे आजी पावणेदोन वर्षांची असतानाच त्या दीर्घिकेत ताऱ्यांची निदान एक पिढी जगून मेलेली होती. सगळं आपल्या आराखड्यांपेक्षा लवकर आणि जास्त उजळ होत होतं. का, यावर जोरात वाद चालू आहेत.

दुपार का कलली, याचा शोध पुन्हा पुण्याकडे, आपल्या जुन्नर तालुक्यात येतो. चूल पेटती ठेवायला सरपण लागतं. ताऱ्यांचं सरपण म्हणजे हायड्रोजन वायू. तो हबलला दिसत नाही. तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरीने बोलतो, अत्यंत क्षीण आवाजात. नारायणगावजवळ खोडदला, द्राक्षबागांच्या आणि टोमॅटोच्या शेतांच्या मुलखात, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही जीएमआरटी रेडिओ दुर्बीण. तबकडी म्हणायची, पण जवळ गेलं की कळतं, ती भरीव नाहीच. पोलादी तारांची विरळ जाळी आहे, आरपार आकाश दिसतं. मीटरभर लांबीच्या लहरींना ती जाळी आरशासारखीच भासते, आणि वाऱ्याला मात्र ती वाट देते.

एवढ्या दूरच्या एकेका दीर्घिकेचा वायू या तबकड्यांनाही ऐकू येत नाही. आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर, जयराम चेंगलूर आणि सहकाऱ्यांनी मग आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या काळातल्या ७,६५३ दीर्घिका घेतल्या. त्यांच्या तारखा आधीच्या सर्वेक्षणाने नेमक्या लावलेल्या होत्या. प्रत्येकीची कुजबुज तिच्या ताम्रसृतीप्रमाणे सरकवून एकावर एक रचली. हबलची छायाचित्रं रचली होती तेच तंत्र, फक्त इथे दीर्घिकाच रचल्या. बेरजेत आवाज उमटला. २०२० मध्ये आलेलं उत्तर असं: त्या दीर्घिकांत वायू भरपूर होता, पण ज्या वेगाने त्या तारे घडवत होत्या त्या वेगाने तो शंभर-दोनशे कोटी वर्षांतच संपला असता. बाहेरून नवा वायू तितक्या वेगाने येत राहिला नाही. सरपण आटलं आणि चुली मंदावल्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये जीएमआरटी चालवणाऱ्या पुण्याच्या रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातून एक वेगळी बातमी आली. राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना वेबच्या खुल्या निरीक्षणांत, एबेल २७४४ या दीर्घिकासमूहाच्या दिशेला, त्याच्या खूप पलीकडे एक दीर्घिका सापडली. मधल्या समूहाचं गुरुत्व भिंगासारखं काम करून तिचा प्रकाश वाढवत होतं. तब्बल २१ फिल्टरमधल्या मोजमापांवरून तिचा काळ महास्फोटानंतर सुमारे १५० कोटी वर्षांचा लागतो. आजी पुरती नऊ वर्षांचीही नाही. त्या वयाच्या पानावर गाठीगाठींचे गोळे अपेक्षित. आणि इथे मध्यभागी फुगीर गाभा, भोवती चकती, आणि गाभ्याभोवती वळलेल्या दोन स्वच्छ, सुडौल भुजा. रुंदी सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं, वस्तुमान सूर्याच्या एक हजार कोटी पट, आणि वर्षाला साठेक सूर्यांइतके नवे तारे, आपल्या आकाशगंगेच्या वीसेक पट. शोधकांनी तिला नाव दिलं अलकनंदा. आपल्या आकाशगंगेला हिंदीत मंदाकिनी म्हणतात. हिमालयात अलकनंदा ही मंदाकिनीची बहीण.

चकती एवढ्या लवकर शांत कशी बसली? थंड वायूच्या धारा येऊन ती हळूहळू फिरायला लागली आणि भुजा तिच्यातच उठल्या, की एखादी लहान दीर्घिका जवळून जाताना तिने त्या ओढून काढल्या? पहिल्या प्रकारात वायू एका लयीत गोल फिरत असेल, दुसऱ्यात त्याची लय कुठेतरी मोडलेली दिसेल. छायाचित्रावरून ते सांगता येत नाही. त्यासाठी अलकनंदाच्या एका कडेचा प्रकाश आपल्याकडे येताना किती दबला आहे आणि दुसऱ्या कडेचा किती ताणला आहे, हे वर्णपटात मोजावं लागेल, आणि वेबवर ते यंत्र आहे.